१९८२ सालच्या नोंदीखाली आज काय लिहावे?

वाचकाचे पत्र :

सप्रेम नमस्कार. माझे वय चौसष्ट असून मी नागपुरात धरमपेठेत राहते. तीस वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. शाळकरी वयापासून, म्हणजे १९७५ च्या सुमारापासून, पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाविषयी वहीत चार-दोन ओळी लिहिण्याची मला सवय आहे. अशा अकरा वह्या भरल्या आहेत. माझी नात सध्या शिक्षणासाठी माझ्याकडे राहते. तिच्या महाविद्यालयातील चित्रपट मंडळाने मला जुन्या आणि नव्या चित्रपटांविषयी बोलायला बोलावले आहे, म्हणून तिने हौसेने त्या वह्या वाचायला घेतल्या.

१९८२ मध्ये, लग्नाच्या दोन महिने आधी, मी होणाऱ्या नणंदेबरोबर ‘उंबरठा’ पाहिला होता. त्याखाली मी लिहिले आहे : “पोटच्या मुलीला घरी ठेवून नोकरीसाठी परगावी जाणारी आई मला पटली नाही. नोकरी करावी, पण घर सांभाळून. एवढे सगळे गमावल्यावर शेवटी ती हसते कशी, ते कळले नाही.” नातीने ते वाचले आणि काही न बोलता वही मिटली. तिच्या जन्मानंतर, २००५ मध्ये, तिच्या आईने, म्हणजे माझ्या मुलीने, पुण्यातील चांगली नोकरी सोडली आणि ती सोडावी असा आग्रह माझाच होता, हे तिला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात मी ‘उंबरठा’ पुन्हा एकटीने पाहिला आणि त्यातल्या त्या आईसाठी, सुलभासाठी, रडले.

आता इतर नोंदीही पोरकट वाटतात. ‘शोले’खाली मी लिहिले आहे : “शेवट चुकला. ठाकूरनेच गब्बरला मारायला हवे होते. पोलीस मध्येच कुठून आले?” नव्या चित्रपटांविषयी तर मी फारच कडवट लिहिते. नातीचा लाडका ‘कोर्ट’ पाहून लिहिले : “काहीच घडत नाही. कॅमेरा जागचा हलत नाही.” हे मतही उद्या खोटे ठरणार का? व्याख्यानाआधी चुकीची पाने फाडून टाकावीत की दुरुस्त करावीत? आणि जिची मते अशी बदलतात, तिने चित्रपटांविषयी लिहावे तरी का?

– एक वाचक, नागपूर

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

पाने फाडू नका, आणि त्यांच्यावर खाडाखोडही करू नका. असे का म्हणतो ते सांगायला थोडी जागा लागेल, कारण तुमच्या पत्रात तीन-चार प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि त्यांतला एक चित्रपटाचा नाहीच.

‘उंबरठा’च्या नोंदीत तीन गोष्टी आहेत आणि त्या एका जातीच्या नाहीत. आई पटली नाही, आणि नोकरी घर सांभाळून करावी, हे दोन्ही निकाल आहेत. ते त्या काळी तुमच्या आजूबाजूला हवेतच होते आणि एकवीस वर्षांच्या, लग्न ठरलेल्या मुलीने ते होणाऱ्या नणंदेशेजारी बसून उचलले, यात नवल नाही. शेवटच्या वाक्यात मात्र तुम्ही पडद्यावर काय पाहिले ते लिहिले आहे. सुलभाच्या चेहऱ्यावरचे शेवटचे हसू तुम्हाला दिसले, ते तुमच्या निकालात बसत नव्हते, आणि तरीही तुम्ही ते गाळले नाही. कळले नाही असे प्रामाणिकपणे लिहून ठेवले. गेल्या महिन्यात तुम्ही रडलात त्याची सुरुवात मला त्या वाक्यात दिसते. निकाल देणाऱ्या मुलीपेक्षा पाहणारी मुलगी पुढे होती, आणि तिने तुमच्यासाठी एक प्रश्न चाळीसहून अधिक वर्षे जपून ठेवला. ते पान फाडले तर तो प्रश्नही जाईल.

शिवाय चित्रपटाने तुम्हाला चुकण्याची मुभा दिली होती, हेही लक्षात घ्या. जब्बार पटेल यांचा हा चित्रपट शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारलेला आहे आणि त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची आहे. दोघांनीही सुलभाच्या घरात कोणाला खलनायक केले नाही. नवरा शिकलेला आणि सभ्य आहे, जाऊ मुलीला मायेने सांभाळते, सासूला समाजकार्याचे वावडे नाही. आणि अशा चांगल्या माणसांच्या घरातच सुलभाला जागा उरत नाही. घर वाईट दाखवले असते तर १९८२ मध्ये तुम्ही सहज तिच्या बाजूने झाला असता आणि चित्रपट विसरूनही गेला असता. चांगल्या घराचा उंबरठा ओलांडणे म्हणजे काय, हे त्या वयात कळणे कठीण होते. ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ हे त्यातले गीत सुरेश भटांचे. रेशीमबागेतील सभागृहाला ज्यांचे नाव आहे, त्या आपल्या भटांच्या ओळी तुम्ही त्या वर्षी गुणगुणल्या असणार. गाणे आधी आत शिरते आणि त्याच्या अर्थाला कधी कधी पुष्कळ उशीर होतो.

आता जो प्रश्न चित्रपटाचा नाही, त्याविषयी. नातीने वही मिटली ती तुमच्या चित्रपटविषयक मतामुळे नव्हे, तर तेच वाक्य तुम्ही २००५ मध्ये तिच्या आईला ऐकवलेत म्हणून, हे तुम्हालाही उमगले आहे; नाहीतर तुम्ही ते पत्रात लिहिले नसते. या बाबतीत माझा सल्ला थोडका आहे. मुलीला फोन करा आणि तिच्याशी थेट बोला. “मी उंबरठा पुन्हा पाहिला” असे सांगून विषय काढायला हरकत नाही, पण चित्रपटाला तुमच्या वतीने बोलायला लावू नका. तुमचा आग्रह चुकीचा होता असे तुम्हाला आज वाटत असेल तर ते तुमच्याच शब्दांत सांगा आणि मग तिचे ऐकून घ्या. ती कदाचित रागावेल, कदाचित म्हणेल की नोकरी तिने स्वतःच्या इच्छेने सोडली. दोन्ही ऐकायची तयारी ठेवा. हे बोलणे व्याख्यानाच्या आधी व्हावे, असे मला मनापासून वाटते.

‘शोले’ची नोंद तुम्हाला पोरकट वाटते. ताई, ती तुमच्या अकरा वह्यांतील सर्वांत तल्लख नोंदींपैकी एक असेल. रमेश सिप्पींनी जो शेवट चित्रित केला होता, त्यात ठाकूर आपल्या खिळे मारलेल्या बुटांनी गब्बरला ठारच करतो. १९७५ सालचे आणीबाणीचे दिवस होते. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतल्याचे दाखवण्यास सेन्सॉरची हरकत होती, म्हणून शेवट बदलून ऐन वेळी पोलीस येतात असा नवा प्रसंग चित्रित करावा लागला. नीट जतन करून नव्याने तयार केलेली प्रत, मूळ शेवटासह, २०२५ च्या जून महिन्यात इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखवली गेली. म्हणजे नागपुरातल्या एका शाळकरी मुलीला, कोणी काही सांगितलेले नसताना, कापडाला जोड दिलेली जागा हाताला लागावी तशी ती जागा लागली होती. “पोलीस मध्येच कुठून आले?” हा तुमचा प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याचे खरे उत्तर सेन्सॉरच्या कार्यालयात होते. महाविद्यालयातील मुलांना ही नोंद जरूर वाचून दाखवा.

यावरून मी एका अशा मुद्द्यावर येतो, ज्याचा विचार आपण चित्रपटवेडे लोक फार कमी करतो. मत बदलले असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा आपण पाहिलेली वस्तूच बदललेली असते. मी हे स्वतःच्या चुकीवरून शिकलो. तरुणपणी दूरदर्शनवर ‘कागज के फूल’ पाहून मी माझ्या वहीत मोठ्या तोऱ्यात लिहिले होते की दिग्दर्शकाला चौकट साधत नाही. माणसे कडेला अर्धी कापली जातात आणि मध्ये नुसती रिकामी जागा दिसत राहते. पुढे कित्येक वर्षांनी तोच चित्रपट मोठ्या पडद्यावर पूर्ण रुंदीत पाहिला आणि मला स्वतःची लाज वाटली. १९५९ सालचा तो चित्रपट भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्याची चौकट उंचीच्या सव्वादोन पटींहून अधिक रुंद, आणि आमच्या घरचा दूरदर्शन संच जवळजवळ चौकोनी. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे चाळीस टक्के चित्र आमच्या घरापर्यंत पोहोचलेच नव्हते. दिग्दर्शक गुरुदत्तांनी स्वतःला आणि वहिदा रेहमान यांना पडद्याच्या दोन टोकांना उभे केले होते, त्या दोघांमधले अंतर हाच त्या प्रसंगाचा अर्थ होता, आणि मी त्याला रिकामी जागा म्हटले होते. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी मोठ्या आरशांवरून सूर्यप्रकाश आत वळवून स्टुडिओच्या अंधारात जो झोत आणला, तोही मला त्या संचावर नुसता पांढरा पट्टा दिसला होता. ती नोंद मी फाडली नाही. तिच्याखाली तारीख घालून लिहिले : “हा चित्रपट मी तेव्हा पाहिला नव्हता, त्याचा मधला भाग पाहिला होता.”

म्हणून तुमच्या प्रत्येक जुन्या नोंदीखाली, आठवेल तेवढे, इतके तरी लिहा : चित्रपट कुठे पाहिला, कशावर पाहिला, बरोबर कोण होते, कोणत्या महिन्यात. सदरमधील लिबर्टी किंवा स्मृती, बर्डीवरील जानकी, तुमच्या घराजवळचे सुदामा, वर्धा रोडवरील पंचशील, यांपैकी जिथे कुठे तुम्ही बसला असाल, तिथला पडदा, तिथला आवाज आणि तिथल्या प्रेक्षकांच्या शिट्ट्या हे सगळे त्या चित्रपटाचा भाग होऊन तुमच्यापर्यंत आले आहे. त्या काळी चित्रपटाच्या मोजक्या प्रती निघत आणि त्या गावोगाव फिरत. वितरणाच्या व्यवहारात आपला भाग अजूनही जुन्या प्रांताच्या नावाने ‘सी. पी. बेरार’ म्हणूनच ओळखला जातो. फिरून फिरून रिळांवर ओरखडे पडत, तुटलेली फीत चिकटवताना काही चौकटी गळत, आणि एखादा प्रसंग उडी मारून पुढे जाई. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना तीनच्या खेळाला अंधारात शिरल्यावर जो जीव गार होतो, त्या सुखाचा थोडा वाटा त्या दिवशीच्या चित्रपटाच्या पदरात पडतोच. हे सगळे लिहिले तर तुमच्या नोंदी खोट्या ठरत नाहीत. उलट कोणत्या परिस्थितीत त्या खऱ्या होत्या, ते वाचणाऱ्याला कळते.

मते बदलतात त्याने लिहावे का, असे तुम्ही विचारले आहे. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना सर्वश्रेष्ठ चित्रपट विचारत आले आहे. पहिल्या वेळी पहिला क्रमांक डी सिकांच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ला मिळाला, ‘सिटिझन केन’ तेव्हा पहिल्या दहांतही नव्हता. पुढे १९६२ पासून २००२ पर्यंत पाचही वेळा तोच अव्वल राहिला. २०१२ मध्ये हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ वर गेला, आणि २०२२ मध्ये शांताल अॅकरमन या बेल्जियन दिग्दर्शिकेचा ‘जान दिलमान’ पहिला आला. हा चित्रपट १९७५ सालचा, म्हणजे ‘शोले’च्या वयाचा, त्यात एक विधवा तीन दिवस स्वयंपाकघरात वावरते, बटाटे सोलते, भांडी घासते, आणि हे तीन तासांहून अधिक वेळ चालते. त्या चित्रपटाला तिथवर पोहोचायला सत्तेचाळीस वर्षे लागली. तो काही बदलला नाही. स्वयंपाकघरातील बाईकडे इतका वेळ पाहत बसायला जग तयार झाले. ज्यांचा व्यवसायच मत देण्याचा आहे त्यांची ही गोष्ट, तर तुम्ही आपल्या मतबदलाचे ओझे एवढे का वाहता?

ही स्वयंपाकघरातील बाई लक्षात ठेवा, कारण ‘कोर्ट’विषयी मला तुम्हाला जे सांगायचे आहे ते तिच्यापाशीच येते.

काहीच घडत नाही, कॅमेरा हलत नाही, असे तुम्ही लिहिले. यातले दुसरे वाक्य अचूक निरीक्षण आहे, फक्त तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिले. चैतन्य ताम्हाणे यांनी कॅमेरा लांब आणि स्थिर ठेवला आहे, कारण त्यांना न्यायालयाकडे आपल्याला एखाद्या पक्षकारासारखे, मागच्या बाकावर बसवून पाहायला लावायचे आहे. मागच्या बाकावरून कोणाचा चेहरा जवळ येत नाही; कोण महत्त्वाचे ते कोणी बोट दाखवून सांगत नाही; खटला पुकारला जातो, तारीख पडते, पुढचा पुकारला जातो. कोणाला कधी तारखेसाठी न्यायालयात दिवसभर ताटकळावे लागले असेल, तर त्याला हा कंटाळा ओळखीचा वाटेल. वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप त्यांच्यावर आहे, आणि हा विलक्षण आरोप तिथे भाड्याच्या वादासारख्या सपाट आवाजात वाचला जातो. तो सपाटपणाच भयंकर आहे. शेवटाकडे उन्हाळी सुट्टी लागते, न्यायालय रिकामे होते, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. नेहमीचा चित्रपट तिथे संपला असता. हा पुढे चालू राहतो आणि सहलीला गेलेल्या न्यायाधीशांना दाखवतो. का, ते या वेळी पाहताना स्वतः शोधा. मी सांगून टाकत नाही.

त्या शाहिराच्या भूमिकेतील वीरा साथीदार हे आपल्या नागपूरचे. व्यावसायिक नट नव्हते. आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक होते. चित्रपटाला २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात दोन मोठे सन्मान मिळाले, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, आणि साथीदार पूर्वीसारखेच आपल्या गावात, आपल्या माणसांत काम करत राहिले. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. ज्या शहरात जागोजागी अशी माणसे आणि असे शाहीर होऊन गेले, त्या शहराच्या प्रेक्षकाला तो चेहरा दूरचा वाटू नये.

आता त्या बाईकडे येऊ. ‘कोर्ट’मध्ये सरकारी वकील नूतन आहे, गीतांजली कुलकर्णी यांनी ती भूमिका केली आहे. न्यायालयात ती एका वृद्ध माणसाविरुद्ध जुन्या कायद्यांची कलमे निर्विकारपणे वाचते. मग काम संपते, ती लोकलने घरी निघते, वाटेत मुलाला घेते, घरी येऊन स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते. कॅमेरा इथेही हलत नाही. ताई, नोकरी करावी, पण घर सांभाळून, असे तुम्ही १९८२ मध्ये लिहिले होते. नूतन अगदी तसेच आयुष्य जगते आहे, आणि तुम्हीही शाळेत शिकवून तीस वर्षे तेच जगलात, असे तुमच्या पत्रावरून मी समजतो. तुमच्या वहीतील वाक्य पडद्यावर चालत-बोलत होते आणि तुम्ही काहीच घडत नाही असे लिहून पान उलटले. मला वाटते, ते इतके तुमचे होते की तुम्हाला ते घडणे वाटलेच नाही. ‘उंबरठा’ने एका बाईला घराबाहेर काढून दाखवले, ‘कोर्ट’ने दुसरीला घरात आणून दाखवले, आणि दोन्हीकडे दिग्दर्शकाने आपला निकाल देण्याचे टाळले. हे दोन चित्रपट लागोपाठच्या दोन संध्याकाळी पाहा.

एवढे करूनही ‘कोर्ट’ आवडला नाही, तर तसे निःसंकोच लिहा. नातीचा लाडका आहे म्हणून किंवा व्हेनिसला गौरवला गेला म्हणून मत बदलण्याचे कारण नाही. माझी विनंती इतकीच की जेवढी सवड तुम्ही १९८२ च्या हसण्याला दिली, तेवढी त्या लांब चौकटीलाही द्या. नव्या चित्रपटांविषयीचा कडवटपणा बहुतेकदा घाईतून येतो. जुना चित्रपट आपण चाळीस वर्षे मनात घोळवलेला असतो आणि नव्याला मात्र मध्यंतराच्या आत स्वतःला सिद्ध करायला लावतो. एकदा पाहून लगेच लिहिण्याऐवजी एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी जी चौकट न बोलावता डोळ्यांपुढे येईल तिच्यापासून लिहायला घ्या.

नातीबरोबर पाहण्यासाठी मी दोन नावे सुचवतो. पहिले, जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’. तो २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात गौरवला गेला आणि मार्च २०२५ मध्ये इकडे प्रदर्शित झाला. चंद्रपूर जिल्ह्यातील खेडे, तिथलीच माणसे, आणि आपल्या विदर्भाची बोली, जी हिंदी-मराठी चित्रपटांनी आजवर बहुतेक वेळा हसवण्यापुरती वापरली. सुरुवातीलाच एक मुलगा बायकांसमोर बसला आहे आणि त्या त्याला त्याची उंची, शिक्षण, छंद विचारत आहेत, असे दृश्य येते. आपण हसतो, मग कळते की हे सविताचे स्वप्न आहे. त्यानंतर खरे बघण्याचे कार्यक्रम सुरू होतात आणि तेच प्रश्न, तीच बैठक, तेच चहा-पोहे पुन्हा पुन्हा येतात. ही पुनरावृत्ती तुम्हाला पहिल्यांदा खटकेल. तिसऱ्यांदा मात्र ती अंगावर येते. तुम्ही स्वतः १९८२ मध्ये अशाच एखाद्या बैठकीतून गेला असाल, तर नातीला त्याविषयी सांगा; पण चित्रपट संपल्यावर, चालू असताना नको.

दुसरा प्रभातचा ‘संत तुकाराम’, दामले-फत्तेलाल जोडीचा, १९३६ सालचा. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ मध्ये त्याची निवड जगातील उत्तम चित्रपटांत झाली होती, पण हे नातीला आधी सांगू नका. पुरस्कारांची यादी पुढे केली की तरुण माणूस नमस्कार करून लांब बसतो. तिला फक्त जिजाईकडे पाहायला सांगा. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम अभंगात तल्लीन असताना गौरी या अभिनेत्रीने उभी केलेली जिजाई म्हशीची काळजी करते, पोरांच्या पोटाची काळजी करते, नवऱ्यावर चिडते, आणि पांडुरंगाला जाब विचारायला पायातली वहाण हातात घेऊन देवळात शिरते. संतपटात देवाला असा जाब विचारणारी बाई १९३६ मध्ये एवढ्या मायेने दाखवली गेली, हे पाहून तुमच्या नातीला जुन्या चित्रपटांविषयी आदर बाळगण्याची शिकवणी द्यावी लागणार नाही. हा चित्रपट मोबाइलवर पाहू नका. घरातील सर्वांत मोठा पडदा, खोलीत अंधार, आणि एका बैठकीत पूर्ण, एवढे पथ्य पाळा. आवाज जुना आहे, तो पंख्याच्या घरघरीत हरवतो, म्हणून शक्यतो थंडीत पाहा.

आता व्याख्यान. ‘सर्वश्रेष्ठ दहा’ अशी यादी मुलांना देऊ नका. ती त्यांना कुठेही मिळते. जुने चांगले की नवे, या वादातही पडू नका, कारण त्या वादात कोणीच कोणताही चित्रपट पाहत नसतो. तुमच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही : एकाच प्रेक्षकाने, एकाच गावात, पन्नास वर्षे तारखेनिशी लिहिलेले. अकरा वह्यांतील सहा-सात नोंदी निवडा, आहेत तशा वाचा, आणि प्रत्येकीखाली आज काय लिहाल ते सांगा. ‘शोले’ने सुरुवात करा, मुले लगेच तुमच्या बाजूला येतील. ‘कोर्ट’ची कडवट नोंदही वाचा आणि दुसऱ्यांदा पाहून काय वाटले, तेही सांगा, मग ते काहीही असो.

‘उंबरठा’ शेवटी ठेवा. मुलीशी बोलणे झालेले असेल आणि नातीची हरकत नसेल, तरच ती नोंद वाचा. तिची हरकत असेल तर ते पान त्या दिवशी घरीच राहू द्या. वाचलीत तर एकही शब्द न गाळता वाचा आणि “शेवटी ती हसते कशी, ते कळले नाही” या वाक्याशी थांबा. त्याखाली आज काय लिहायचे ते मुलांसमोर ठरवू नका. घरी आल्यावर वही आणि पेन नातीच्या हातात द्या, सुलभाचे ते हसू तिला कसे दिसले ते तिला तिच्या अक्षरात लिहू द्या, आणि तिचे लिहून झाल्यावर तारीख घालून तुमचे लिहा.